मन मोकळं मंडळ, पोलादपूर

५ जानेवारी, रविवार
आजपासून 'मन मोकळं मंडळ' सुरू. विहाराचा हॉल, सकाळी दहा. पुरुष बोलत नाहीत, आतल्या आत कुढतात. ऑनलाइन दोन तासांचा कोर्स केलाय, सर्टिफिकेट लॅमिनेट. बायको शर्मिला जाऊन आठ महिने झाले, पण मी पूर्ण सावरलोय. सावरलेल्या माणसाने इतरांना हात द्यावा. तहसीलमध्ये तीस वर्षं क्लार्क होतो, लोकांचं ऐकलंच की.
उपस्थिती तीन. जीपवाला गणू, शेतकरी हैबती आणि पंखा दुरुस्तीला आलेला वायरमन. त्याला बसवून घेतलं.

१२ जानेवारी, रविवार
ऐकणं म्हणजे गप्प बसणं. हा मुद्दा सगळ्यांना पाऊण तास समजावला.
दिवाळीत आंबेनळी घाटात गणूच्या जीपचे ब्रेक गेले. माणसं वाचली, पण तेव्हापासून तो स्टिअरिंगला हात लावत नाही. आज म्हणाला, "भाऊसाहेब, मला रोज वाटतं का..." मी लगेच धीर दिला. प्राणायाम, चालणं, सकारात्मक विचार. एकूण अकरा मुद्दे. तो मान हलवत राहिला. सेशन उत्तम.

१५ जानेवारी
चौथा दिवस भात-लोणचं. पचायला हलकं. झोप कमी, पण या वयात तेवढी पुरते.

१९ जानेवारी, रविवार
उपस्थिती एक. गणू का नाही, हैबतीला विचारलं. म्हणाला, "तुमी बोलता झ्याक, पण आमाला बोलाय जागाच नाय." हॉल खरंच लहान आहे. शाळेचा मागून बघणे.

२३ जानेवारी, सायं. ५
गणूची बायको रेश्मा धावत आली. तो दोन दिवस जेवला नाही. 'मी नसलो तर बरा' म्हणतोय. अकरा मुद्द्यांचा कागद घेऊन तसाच निघालो.

त्याच दिवशी, ८ वा.
गणू ओट्यावर बसला होता. मला बघून म्हणाला, "भाऊसाहेब, किती वाळलाव! जेवता का नाय?"
मी कागद उघडला. रडलो. रेश्मासमोर.
मी बोलत नाही बघून गणूच बोलू लागला. त्या वळणावर एकटा असतो तर जीप डोंगराकडे वळवलीच नसती, असं रोज वाटतं म्हणाला. तासभर बोलला. मी एक शब्द काढला नाही. निघतच नव्हता.
रेश्मा आणि त्याचा भाऊ आज त्याला एकटं सोडणार नाहीत. उद्या महाडला, मनाच्या डॉक्टरांकडे. मीही जाणार. आधार म्हणून.

२४ जानेवारी, शुक्रवार
सकाळच्या एसटीने महाड. गणू आत अर्धा तास होता. गोळ्या दिल्या, आठवड्याने परत बोलावलंय. बाहेर आला तेव्हा चहा मागितला. आपणहून.
मग डॉक्टरीणबाईंनी मला आत बोलावलं. झोप लागते का, विचारलं. मी कोर्सची माहिती दिली. त्यांनी परत तेच विचारलं.
दुसरा केस पेपर निघाला. नाव अरविंद, वय एकसष्ट. तक्रार काय, सिस्टरने विचारलं. मी म्हटलं, विशेष काही नाही.
मागून गणू म्हणाला, "त्यांची बायको गेलीय. ते लिवा."
तिने लिहिलं.