सिद्धार्थनगरची खेप

९ एप्रिल
सॉफ्टवेअर चाचणी, दिवस दुसरा. दूध निम्म्यावर आल्यापासून आमच्या दूध संस्थेचा टँकर वस्त्यांना पाणी देतोय. त्या खेपा आता मोबाइलवर नोंदायच्या. बी.एस्सी. झालेला संस्थेत मी एकटा, म्हणून तपासणी माझ्याकडे. बाब ६: मोबाइल नंबर नऊ आकडी टाकला, सॉफ्टवेअरनं घेतला. चूक. बाब ११: एका वस्तीची 'खेप पोचली' ही नोंद पुढच्या तारखांना, १३ आणि १४ ला, करून पाहिली. तीही घेतली. मोठी चूक. दोन्ही लिहिल्या. बीडच्या कंपनीतल्या शेख मॅडम फोनवर म्हणाल्या, "सर, लई बारीक बघता तुम्ही." दिवसभर हवेत होतो.

१२ एप्रिल
उद्यापासून खरं काम सुरू. चाचणीच्या नोंदी पुसल्याचं मॅडमना कळवलं. मोबाइलवरच्या आजच्या पानावर तरी एकही उरलेली नाही.

१५ एप्रिल
सकाळी सिद्धार्थनगरच्या शांताबाई ऑफिसच्या पायरीवर येऊन बसल्या. दोन दिवस टँकर नाही. काल जयंती, घरोघर पाहुणे. ड्रायव्हरला विचारलं तर म्हणाला, मोबाइलवर खेप पोचलेली दिसत होती, मग कशाला जाऊ. उघडून पाहिलं. १३: पोचली. १४: पोचली. नोंदणारा: मी.
बाईंना म्हटलं, कॉम्प्युटर पोचली दाखवतोय.
"आसं का? मग आमीच पिऊन इसरलो आसल, सायेब."
चूक माझी, हे तेव्हाच सांगायला हवं होतं. "बघतो" म्हणालो. टँकर लगेच पाठवला. तेवढंच.

१६ एप्रिल
चेअरमनना सगळं सांगितलं. त्यांना त्यात विशेष काही वाटलं नाही. "नेटवर्क नव्हतं म्हणून लिहा. सवताचं नाव कावून घालता मधी?" आणि चहा मागवला. प्यालो.

१७ एप्रिल
यादीत एकवीस वस्त्यांची नावं. चाचणीला मी सिद्धार्थनगरच का घेतलं? काल मनाशी म्हटलं, जे पहिलं दिसलं ते. आज यादी उघडली. पहिली आंबेवस्ती. आमची गल्ली चौथी. सिद्धार्थनगर शेवटून दुसरं. म्हणजे बोटानं सरकवत खाली गेलो होतो. आमच्या गल्लीवर खोटी नोंद करायला हात धजला नसता. तासाभरात चेअरमनना दहा फोन गेले असते. सिद्धार्थनगरातून फोन येत नाही. असं काही मी तेव्हा मनात आणलं नव्हतं. आणावंही लागलं नाही, हेच…

दुपारी वस्तीवर गेलो. शांताबाईंना सांगितलं, नोंद मी केली होती, तपासणीसाठी. मग म्हणाल्या, "तपासायला आमीच घावलो व्हय?"

१८ एप्रिल
नेटवर्क लिहिलं नाही. समस्यांच्या तक्त्यात खरं लिहून कंपनीला पाठवलं: चाचणीची नोंद पुसायची राहिली, वस्ती दोन दिवस पाण्याविना, जबाबदार मी. जरा हलकं वाटलं, त्याचीही लाज.
चारला शेख मॅडमचा फोन. एक रकाना अपुरा आहे. "चूक आम्हाला इथं जशीच्या तशी परत घडवून बघावी लागते, सर. वस्ती कशी निवडली, तेवढं लिहा."
'सहज' लिहिलं. खोडलं. रकाना रिकामा आहे. उद्या दुपारपर्यंत हवाय त्यांना.