रोबोच्या डोळ्यात कुंकू

चिंचवड, १४ ऑक्टोबर २०२४

चि. योगिनीस,

काकाचे अनेक आशीर्वाद. इकडे सारे खुशाल. तुझी काकू तेवढी माझ्यावर फुगलीय. दसऱ्याला यंत्र पुजायला विसरू नको, हे फोनवर मीच सांगितलं होतं ना!

तुझ्या पत्राचा फोटो मोबाइलवर मोठा करून वाचला. रोबोला कुंकू लावलंस ते नेमकं त्याच्या कॅमेऱ्यावर. तो आंधळा झाला आणि गाड्या जोडायची अख्खी लाइन थांबली. अगं, त्याला कपाळ कुठलं! आमच्या कंपनीत आधी लाइन थांबायची, मग पूजा, मग पेढे.

आधी हसू आलं, मग पुढचं वाचलं. बुधवारी तिथल्या चिनी कारखान्याच्या लिआंगसाहेबांनी बोलावलंय म्हणतेस. त्यांनी ट्रेनिंग अर्ध्यावर तोडून परत धाडलं, तर चाकणची नवी इलेक्ट्रिक गाड्यांची लाइन तुझ्या हाती येत नाही, हे कळतं मला.

पण हातपाय गाळू नकोस. मी बीडहून येऊन कामाला लागलो तेव्हा आपण आणि चीन म्हणजे एका घरातल्या दोन जावा. दोघींचं पीठमीठ परदेशी कंपन्यांकडचं. गाडी त्यांची, नट आवळणारे हात आपले. पुढं धाकटीनं, म्हणजे चीननं, बॅटरीचा ध्यास घेतला आणि कुठल्या कुठं गेली. थोरलीही बसून नाही राहिली. चाकणच्या गाड्या आज देशोदेशी जातात. मग धाकटीकडून शिकण्यात कमीपणा कसला? साहेबांना खरं तेच सांग. ज्याच्यावर पोट भरतं त्याच्या पाया पडतो आम्ही, एवढंच.

वाट पाहणारा,
उद्धवकाका

हफेई (चीन), १७ ऑक्टोबर २०२४

ती. काका-काकूंना वाकून नमस्कार.

तुम्ही लिहिलंत तसंच मी बोलले. दुभाषी मुलगी दोनदा अडखळली. लिआंगसाहेब म्हणाले, डोळा सोडून कुठंही लावायचं होतं! तेही परदेशी गाड्यांचे दरवाजे बसवता बसवता शिकले म्हणे. त्यांचे उस्ताद आधी नुसती हत्यारं पुसायला लावायचे.

शिक्षा झालीच. आठवडाभर लाइनवरच्या सगळ्या रोबोंचे कॅमेरे मी पुसायचे. काका, ही शिक्षा की शिकवणी? कुठला रोबो काय बघतो, हे इतक्या जवळून मला कुणी दाखवलं असतं? ट्रेनिंग आता पुरं करू देतायत. तुमचे उपकार कसे फेडू?

निघाले, तर साहेबांनी हाक मारली. खणातून मूठ झिजलेला एक जुना पाना काढला आणि दोन्ही हातांनी माझ्यापुढं धरला. मी कुंकवाची डबी उघडली.

माया आहेच, ती अशीच पाठीशी असू द्या.

तुमची,
योगिनी