काशम्मा काय म्हणाली

लातूर,
१८ फेब्रुवारी २०२५

चि. रविकिरण,

अक्काचे आशीर्वाद. इकडची थंडी सरली. अव्वा अंथरुणावरच आहे, पण परवा दुधात कुस्करलेली भाकरी चवीनं खाल्ली. तू घशाला जप. नेहमीसारखा व्हॉइस मेसेज पाठवणार होते, पण बोलावंसं वाटेना. म्हणून लिहिते.

“अक्का, मी तोंड हलवतो, तू विंगेतून बोल.” नांदेडला कॉलेजच्या गॅदरिंगला तुझा घसा बसला, तेव्हा तू म्हणाला होतास. लुगडं नेसून, काशम्मा नावाची फटकळ बाई होऊन तू ओठ हलवलेस, मी आडून तिचं बोलले आणि लोक पोट धरून हसले. पुढे टीव्हीवर काशम्माची मालिका आली, तिथंही तेच चाललं. कार्टूनमधल्या कोल्ह्याचा आवाज तुझा, जाहिरातीतल्या झोपाळू बैलाचा तुझा. काशम्माचा तेवढा माझा. तू वाक्यं पाठवायचास, मी डोक्यावर गोधडी घेऊन मोबाइलवर रेकॉर्ड करायची आणि तुला पाठवायची. मुलाखतीत तू “आवाज माझाच” म्हणायचास, तेव्हा अव्वा आणि मी एकमेकींकडे बघून हसायचो. घरातलं गुपित होतं ते.

दिवाळीत तू एका माणसाला घेऊन आलास. दिवसभर मला वाचायला लावलंस. हसायला, रडायला, शिंकायलासुद्धा. त्यानं सगळं रेकॉर्ड करून घेतलं. “आठवण म्हणून ऱ्हाऊ दे की, अक्का.” त्यानंतर तुझ्याकडून वाक्यं येणं बंद झालं. मला वाटलं, मालिकाच थांबली.

काल शेजारच्या आरतीनं टीव्ही लावला. काशम्मा बोलत होती. आवाज माझा. फक्त मध्ये कुठे श्वास घेत नव्हती.

आता तुम्ही तिला अंथरुणाला खिळलेली आईही दिली आहे. काशम्मा म्हणाली, “आमच्या म्हातारीपाशी यम दोनदा येऊन गेला. म्हनला, हिची सेवा माझ्याच्यानं व्हायची न्हाई, तुमीच करा.”

आरती हसली. अव्वानं भिंतीकडे तोंड फिरवलं.

“लई जड झाले का गं मी तुला?”

“अव्वा, मी न्हाई बोलले ते. मशीननं माझा आवाज काढलाय.”

“माझ्या लेकराचा आवाज मला कळंना का?”

आज सकाळपासून ती माझ्या हातचं पाणी घेत नाही, आरतीला हाक मारते. अंग पुसायला गेले तर म्हणाली, “ऱ्हाऊ दे. यमाला झेपंना, तुला काय झेपणार.”

तुला फोन केला, तर तू म्हणालास, “कॉमेडी हाय, अक्का. तुलाच आराम दिला की.” मग आवाज बारीक करून, “मशीनचं कुणापाशी बोलू नको. अव्वापाशी तर नकोच. तिच्या तोंडात तीळ भिजत न्हाई.”

रवी, आपलं गुपित इतकी वर्षं तिनंच सांभाळलं. शेजारणी विचारायच्या, तर म्हणायची, “माझा पोरगा बाईपेक्षा ग्वाड बोलतो.”

काशम्मा तुझ्याकडेच ठेव. माझं नाव नको, काही नको. उद्या ती माझ्या आवाजात आणखी काय बोलेल, तेही ऐकून घेईन. पण ज्या बाईला मी रोज कुशीवर वळवते, तिला वाटतंय की हे मी बोलले. माझं ती ऐकत नाही. तुझं ऐकेल, तू तिचा एकुलता एक लेक आहेस.

तिला एक फोन कर. सांग, “अव्वा, ते अक्का बोलली नाही, मी बोलायला लावलं.” तू हे करणार नाहीस, मला ठाऊक आहे. तरी मागते.

तिच्या खाटेशी बसलेली,
अक्का