किटलीतलं पिठलं

३ फेब्रुवारी, सोमवार. इंदूर

शी! शी! शी! लॉजच्या किटलीत माझ्या आधी कोणीतरी अंडी उकडली होती. झाकण उघडलं आणि वास थेट डोक्यात गेला. तळाला चुन्याचा थर, त्यात टरफलाचा तुकडा. तीन वेळा पाणी उकळून फेकलं, चौथ्या पाण्यात पिठलं केलं. आई बेसन भाजून त्यात तिखट, मीठ, जिरं घालून डबा भरून देते. उकळतं पाणी ओतलं, चमच्याने ढवळलं, झाकून ठेवलं की झालं. बरोबर घरच्या चपात्या, आदल्या दिवसाच्या, चामड्यासारख्या.

खाल्लं. किळस आली तरी खाल्लं. पोटाला लाज नसते.

खालच्या हॉटेलात थाळी दोनशे चाळीस. भत्ता दिवसाला सहाशे, बिल कोणी मागत नाही. म्हणजे जे खाल्लं नाही ते आपलं! तीन वर्षं अशीच न खाता जमवतेय, पत्र्याच्या जागी स्लॅब पडावा म्हणून.

५ फेब्रुवारी, बुधवार. शेलार

घरी. या नोकरीला नेम म्हणून नाही. फोन येतो, "निघा मॅडम", की निघायचं. आईनं दोघींचा स्वयंपाक करावा आणि मी निम्म्या वाटेतून कळवावं, आज येत नाही. मग तेच कालवण ती दुसऱ्या दिवशी खाते, तिसऱ्या दिवशी पण खाते. आज पातेल्याचं झाकण उचललं तर वरती फेस! "टाक ते!" म्हटलं. म्हणे, "उकळी काढली की काय न्हाय व्हत. तू तिकडं उपाशी फिरतंस आन् मी हितं टाकू?"

ओतून दिलं मोरीत. तिने दिवसभर तोंड फुगवलं.

८ फेब्रुवारी, शनिवार

आई आणि सबीहाभाभी मानकोलीला जाऊन आल्या. गोदामांतून चेपलेला, खोका फाटलेला माल जिथे निम्म्या भावात मिळतो, त्या दुकानाला सगळे डॅमेजवालाच म्हणतात. शोधलं मीच. आईला सांगितलं, आईने सबीहाभाभीला. सबीहाभाभी म्हणजे मागच्या गल्लीतली, तिची बिस्सी, म्हणजे खानावळ आहे. चाळीस लूमवाले, यंत्रमागावरचे कामगार, महिन्याचे पैसे भरून तिच्याकडे दोन वेळ जेवतात. गिरणीसारखं तोंड आहे तिचं, पण मनाने बरी. दोघी शेअर रिक्षाने जातात, खोक्याने माल आणतात, निम्मा निम्मा वाटून घेतात. आमचा वाण्याचा खर्च चार हजारांवरून अडीचवर आला.

आईला वाटतं हा सगळा तिचाच पराक्रम. वाटू दे.

११ फेब्रुवारी, मंगळवार

आज गोंदे गावच्या गोदामात होते. मुदत संपलेला माल नष्ट होताना उभं राहून बघायचं, हे माझं काम. आईला मी फक्त "माल तपासते" एवढंच सांगते. खाण्याच्या वस्तूंवर बुलडोझर फिरवायला जाते हे कोणत्या तोंडाने सांगू?

आज बेसन होतं. अर्ध्या किलोची पाकिटं, खोक्यात वीस, खोके एकशे चाळीस. मुदत संपून पाच महिने झालेली. पद्धत अशी, की प्रत्येक खोका मोजून त्यावर मार्करने नंबर घालायचा, खाली सही करायची. मग खोके अंगणात ओतायचे, फिनेल मारायचं, वरून जेसीबी. शेवटचा खोका मातीत जाईपर्यंत साक्षीदाराने हलायचं नाही.

मी दहा खोके बघितले. फोटो काढले. एवढ्यात सुपरवायझर म्हणाला, "मॅडम, पाचची बस. पुढची साडेआठला." पाचची पकडली की जेवण घरी, लॉज वाचतो, वर एसटी असल्याने बायकांना तिकीट अर्धं. कागदावर सही ठोकली आणि हायवेला पळाले. सगळेच असं करतात. इतकी वर्षं मी पण करते.

घाणेरडा वास होता त्या बेसनाचा. फाटलेल्या पाकिटातून जाळी लोंबत होती. बसमध्ये हाताला येत होता.

१४ फेब्रुवारी, शुक्रवार. चाकण

किटलीतलं पिठलं कडू लागलं. पीठ नवं, कालच आई आणि सबीहाभाभीने मानकोलीहून आणलेलं. आईने जिरं करपवलं वाटतं.

१९ फेब्रुवारी, बुधवार

बिस्सीतले सहाजण आजारी! काल रात्री कढी-भात होता. पहाटेपासून उलट्या, जुलाब. दोघांना सरकारी दवाखान्यात सलाईन लावलंय. एक तर पोरगा आहे, गावाहून आलेला, लूमवर जेमतेम दोन महिने झालेत. आई बघून आली. म्हणे मोरीतून उठायला तयार नव्हता, तिथेच बसून रडत होता.

सबीहाभाभीने खापर फोडलं बकुळामावशीवर. बकुळामावशी तिच्याकडे अकरा वर्षं रांधते. गल्लीत उभी राहून सबीहाभाभी ओरडत होती, "हात धुवत न्हाय ती! मी कितीदा बोलली! मेरी बिस्सी बदनाम कर दी!" बाई तशीच ओल्या हातांनी घरी गेली. पगारसुद्धा मागितला नाही.

मला पण खरं वाटलं. तिची नखं मी बघितली आहेत. हेही लिहून ठेवते.

२० फेब्रुवारी, गुरुवार

कांदे घ्यायला पलंगाखाली वाकले. आई कांदे खोक्यात ठेवते. खोका ओढला आणि तिथेच फतकल मारून बसले.

११२. खाली माझी सही. बाजूला तारीख, ११ फेब्रुवारी.

माझंच अक्षर! माझ्याच मार्करचं! कागदोपत्री हा खोका गोंद्याच्या मातीत गाडलेला आहे, मी उभी राहून बघितला आहे. आणि त्यात माझ्या घरचे कांदे!

बेसनाचा डबा उघडला. पीठ बोटाने ढवळलं तर बारीक काहीतरी चालत होतं. पाकिटं कचऱ्याच्या पिशवीत होती, मुदतीवर नवं स्टिकर. नखाने खरवडलं, खाली जुनी तारीख.

म्हणजे चाकणला जिरं करपलेलं नव्हतं. मोरीत जाऊन ओकले. आई विचारत राहिली, "काय झालं गो धम्मा? बाहेरचं खाल्लंस?" बाहेरचं!

२१ फेब्रुवारी, शुक्रवार

आई बाजारात गेल्यावर खोका फाडून चुलीत घातला. बेसन गटारात. आईला सांगितलं, झुरळ पडलं होतं.

बाकी कोणाला काही नाही. सांगितलं तर नोकरी जाईल. नुसती जाईल असं नाही, खोटी साक्ष दिली म्हणून वर काय काय होईल देव जाणे. स्लॅब गेलाच. आणि सहाजण आता बरे आहेत, दोघे तर ड्युटीवरही गेले.

हे वरचं मी लिहिलं आहे. वाचून अंगावर पाल पडल्यासारखं होतंय. बरे आहेत म्हणे!

२३ फेब्रुवारी, रविवार

बकुळामावशी आली होती. आईकडे काम मागायला. कोणाकडे भांडी, धुणं, काहीही.

उंबऱ्याच्या आत येईना. आईने पाणी दिलं तर गिलास पदराने धरला, हात लागू नये म्हणून. आई म्हणाली, "आगं धर नीट, काय येडी झालीस?" तर म्हणते, "नगं बाय, माझ्या हातानं मान्सं आजारी पडत्यात."

मग बसून रडली. दोन बिस्सीवाल्यांना विचारून आली होती. दोघांनी तोंडावर सांगितलं, तुझं नाव खराब झालंय. "अकरा वर्सं रांधलं. एका मान्साचं पोट दुखलं न्हाय. बेसनाला वास हाय, मी बोलली व्हती भाभीला. भाभी बोलली, तुला काय कळतं, माल तपासलेला हाय."

मी तिथेच उभी होते. हातात चहाचा कप. आईने तिला तांदूळ बांधून दिले, ती नाही नाही म्हणत घेऊन गेली. जाताना मलाच म्हणाली, "तुमचं बरं हाय बाय, शिकल्या. मोठ्या मोठ्या गोदामात जाता."

स्वतःचा एवढा वीट मला कधी आला नव्हता.

२४ फेब्रुवारी, सोमवार

रवींद्र सरांना फोन केला. आमचे वरिष्ठ. म्हटलं, सर, गोंद्याचा माल नष्ट झालेला नाही, बाजारात आलाय. मी दहाच खोके बघितले होते.

सर एकदम मवाळ. "मॅडम, रिपोर्ट गेला. कंपनीकडून आपले पैसे आले. तुम्ही तिथे थांबला नव्हतात हे तुम्हीच लिहून देणार? घरी आई आहे ना तुमच्या?" आणि शेवटी, "दोन दिवस सुट्टी घ्या. उन्हाचं फिरता, असं होतं कधी कधी."

फेब्रुवारीत ऊन! असल्या मवाळ माणसापेक्षा शिव्या देणारा परवडला.

सगळं लिहून मेल केलं. तारीख, नंबर, स्टिकर, पाचची बस. उत्तर नाही.

२६ फेब्रुवारी, बुधवार. गोंदे

सुट्टी घेतली नाही. कशी कोण जाणे, आजची ड्युटी अजून माझ्याच नावावर होती. बहुतेक मेल कोणी वाचलेलंच नाही. तेच अंगण, तोच सुपरवायझर. आज नूडल्स, नव्वद खोके.

"मॅडम, पाच वाजले." मी म्हटलं, वाजू देत. साडेपाचला परत, "मॅडम, बस?" म्हटलं, तुम्ही जेसीबी चालवा. त्याचं तोंड बघण्यासारखं झालं. माझ्या बसचं वेळापत्रक त्याला माझ्यापेक्षा पाठ! मी गेले की उरलेला माल कुठल्या गाडीत भरायचा ते ठरलेलं असणार. इतकी वर्षं हे लोक माझ्या पाचच्या बसवर धंदा करत होते आणि मी अर्ध्या तिकिटाचा आनंद मानत होते.

नव्वदावा खोका मातीत गेला तेव्हा सव्वासात. पायात गोळे आले. हायवेवर थाळी घेतली, एकशे ऐंशी, वर ताक मागवलं. सगळं संपवलं. गिळताना दर घासाला बकुळामावशीचा तो पदराने धरलेला गिलास दिसत होता.

२७ फेब्रुवारी, गुरुवार

सकाळी परतले तर आई आणि सबीहाभाभी मानकोलीला निघालेल्या. रमजान तोंडावर आहे, संध्याकाळी रोजा सोडायला भजी लागणार, एकदम महिन्याचं बेसन भरायचं म्हणे. मी रिक्षापर्यंत मागे धावले. "बेसन नका आणू!" सबीहाभाभी हसली, "अगं, चाळीस लोकांना भजी कसली घालू, तुझ्या फायलींची?" रिक्षा गेली. आईला फोन लावला, फोन घरात खाटेवर वाजत होता.

दुपारी आई आली. गुडघे चोळत आडवी झाली ती उठलीच नाही. बेसनाचे दहा खोके सबीहाभाभीकडे उतरवले म्हणाली.

उद्या सांगणार. नोकरी गेली तर गेली. त्या दहा खोक्यांतलं एक पाकीट फुटायच्या आत सांगणार. भीती आहेच, पण आता न सांगण्याची किळस त्याहून मोठी आहे.

२८ फेब्रुवारी, शुक्रवार

सांगितलं. सबीहाभाभीच्या ओट्यावर बसून, आईच्या समोर, सगळं. माझी सही, बघितलेले दहाच खोके, पाचची बस. बकुळामावशीची काही चूक नाही, माझी आहे.

सबीहाभाभी ओरडली नाही. नवऱ्याला म्हणाली, "फहाद, जा, बकुळाला घेऊन ये. हात जोड, पण घेऊन ये." मग त्या दहा खोक्यांकडे बोट केलं. म्हणाली, "काल दुकानात साठ खोके होते धम्मा. सही नसलेले, नुसते चेपलेले, स्वस्तातले, ते आम्ही सोडले. तुझी आई बोलली, आमच्या धम्माची सही असेल तोच माल खरा, तिनं तपासलेला. दोन तास उभं राहून तिनं एक एक खोका फिरवून बघितला."

आईने पदर तोंडाला लावला होता. दहाच्या दहा खोक्यांवर माझी सही.