टोलेडोतून बाहेर पडण्याचे दिवस

मंगळवार, २१ ऑक्टोबर
आजपासून रोजनिशी. पुढेमागे आत्मचरित्र लिहायला बसलो की तारखा हाताशी असलेल्या बऱ्या.

परिस्थिती अशी. मी, कर्टिस लिंडवॉल, अमेरिकन फुटबॉलमधला क्वार्टरबॅक, म्हणजे डाव चालवणारा, चेंडू फेकणारा; वय एकतीस. टोलेडो संघात तिसऱ्या नंबरला. पहिला ओबॅनन. दुसरा कायम गुडघा धरून बसलेला असतो, तरी दुसराच. सहा वर्षांत चार मॅच माझ्या हाती दिल्या, चारही हरलो. त्यातल्या दोन दिवशी वारा होता, तिसऱ्या दिवशी माझ्या पुढची फळी झोपली होती. चौथीचं कारण शोधतोय.

थोडक्यात, दोष माझ्यात नाही, टोलेडोत आहे. दुसरीकडे गेलो की गाडी रुळावर. संघांमधली खेळाडूंची अदलाबदल ४ नोव्हेंबरला दुपारी चारला बंद होते. त्याआधी मी इथून बाहेर. शिवाय डोनट बंद.

बुधवार, २२ ऑक्टोबर
एक डोनट. सरावानंतरचा धरत नाहीत.

बुधवार, २९ ऑक्टोबर
दर बुधवारी आमच्या बचाव फळीला रविवारच्या प्रतिस्पर्ध्याचा सराव लागतो. तो प्रतिस्पर्धी मी. त्यांच्या क्वार्टरबॅकचा नंबर घालायचा, त्याच्यासारखं फेकायचं, त्याच्यासारखं थुंकायचं. गेल्या आठवड्यात डावखुरा होतो. या आठवड्यात लंगडलो. कोच ब्रँकाटो म्हणाले, खऱ्यापेक्षा बरा लंगडतोस.

हे इतर संघांच्या नजरेत भरत असणारच. माझा एजंट मर्व्ह म्हणतो, सरावाचं चित्रीकरण बाहेर कुणालाच दाखवत नाहीत. मर्व्हचा स्वभाव जरा निराशावादी आहे.

मंगळवार, ४ नोव्हेंबर
दुपारी २.१० – बॅग भरून तयार. फोन पूर्ण चार्ज.
३.३० – फोन वाजला. दाताचा दवाखाना. लाइन अडू नये म्हणून कट केला.
३.५५ – मर्व्हला विचारलं. दोन संघांनी टोलेडोकडे चौकशी केली म्हणे. एकाला आमचा चेंडूला लाथ मारणारा गडी हवा होता. दुसऱ्याला आमचा धोबी.
४.०१ – मुदत संपली. पश्चिमेकडच्या संघांना बहुतेक त्यांच्या घड्याळातले चार वाटले असणार.
५.०० – बायकोने, म्हणजे मॅरीबेथने विचारलं, निदान टूथब्रश तरी बाहेर काढू का.

गुरुवार, ६ नोव्हेंबर
आता एकच वाट. टोलेडोने मला स्वतःहून मोकळं करायचं. ब्रँकाटोंकडे गेलो. कोच, मला सोडा म्हटलं. ते सॅलड खात होते. म्हणाले, "तू गेलास तर बुधवारी समोरचा कोण होणार?"

करार फेब्रुवारीपर्यंत. खेळू देत नाहीत आणि जाऊही देत नाहीत. सराव संपल्यावर गाडीत बसून राहिलो, किल्ली फिरवावीशी वाटेना. दोन वर्षांत एकाही खऱ्या मॅचमध्ये चेंडू हातात आलेला नाही. पुन्हा कधी येईल की नाही, कोण जाणे. मॅरीबेथला हे बोललो नाही.

डोनट तीन.

मंगळवार, ११ नोव्हेंबर
मोठी बातमी. ब्रँकाटोंनी खोलीत बोलावून दार लावलं. ऐनवेळी डाव बदलायचा असला की क्वार्टरबॅक हाताने खुणा करतो, आणि त्या सगळ्या खुणा त्यांनी नव्या केल्यात. हेल्मेटला हात म्हणजे लांब फेक. पट्ट्याला हात म्हणजे आखूड. अशा बावीस. दोन तास माझ्याकडून घोकून घेतल्या, वहीत लिहायला लावल्या.

ओबॅननला शिकवत नाहीत, मला शिकवतात. काय ते समजून घ्यावं. २३ तारखेला एरीच्या संघाशी मॅच आहे. सुरुवातीपासून मीच खेळणार.

गुरुवार, १३ नोव्हेंबर
खुणांची परीक्षा घेतली. बावीसपैकी बावीस. ब्रँकाटोंनी पाठ थोपटली. सहा वर्षांत पहिल्यांदा. मैदानावर मात्र या खुणा अजून कुणीच वापरत नाही. ओबॅननला विचारलं तर तो माझ्याकडे बघतच राहिला. गुप्तता किती कडक आहे पाहा.

शुक्रवार, १४ नोव्हेंबर
मॅरीबेथच्या गावच्या, फिंडलेच्या शाळेला पुढच्या हंगामासाठी कोच हवाय. मुख्याध्यापक तिच्या वडिलांबरोबर मासे धरायला जातात. आठवड्यात उत्तर हवं. मी समजावलं, बाई गं, मी शिखराच्या पायथ्याशी उभा आहे. ती म्हणाली, "पायथ्याशीच आहेस ना, मग उतरायला वेळ लागणार नाही." हसून सोडून दिलं. तिला खेळातलं कळत नाही.

सोमवार, १७ नोव्हेंबर
सकाळी ९.०० – टोलेडोने मला काढलं. ब्रँकाटो म्हणाले, तूच मागितलं होतंस. हात जरा जास्तच वेळ हातात धरला. लॉकर एका खोक्यात मावला.
११.२० – एरीचा फोन! आजच या म्हणतात. हेड कोच हॅलोरन स्वतः बोलले. शेवटी पारख असलेला माणूस भेटलाच. रविवारी टोलेडोशीच मॅच. सूड घ्यायला यापेक्षा मोठं मैदान कुठलं?

मर्व्ह म्हणाला, कर्ट, मॅचच्या आठवड्यात समोरच्याचा माणूस का उचलतात ते तुला ठाऊक आहे ना? ठाऊक आहे म्हटलं. मला त्यांच्या खोड्या माहीत आहेत म्हणून. माझं डोकं त्यांना हवंय.

बुधवार, १९ नोव्हेंबर
एरी. तीन तास हॅलोरन विचारत होते, मी खुणांची वही उघडून सांगत होतो. ते स्वतः लिहून घेत होते. माझं म्हणणं इतकं लक्षपूर्वक लग्नातसुद्धा कुणी ऐकलं नव्हतं. मी कधी फेकायचं, असं विचारलं. बघू म्हणाले.

शनिवार, २२ नोव्हेंबर
चेंडू अजून हातात दिलेला नाही. खांदा ताजा ठेवतायत. दोन वर्षांच्या कराराने फ्लॅट बघून आलो. बर्फ उपसायचं फावडंही घेतलं. इथे लागणार.

रविवार, २३ नोव्हेंबर
संध्याकाळी ६.०० – आजच्या मॅचच्या यादीत माझं नाव नव्हतंच, ते मैदानावर आल्यावर कळलं. साध्या कपड्यांत कडेला उभा होतो. काही हरकत नाही म्हटलं, मी मेंदूने खेळतोय.

पहिल्या डावात ओबॅननने हेल्मेटला हात लावला. लांब, लांब, मी ओरडलो. एरीचा सगळा बचाव मागे पळाला. ओबॅननने चेंडू दोन हातांवरच्या गड्याकडे दिला, आणि तो मोकळ्या मैदानातून रमतगमत गेला. मग पट्ट्याला हात. सगळे पुढे धावले, चेंडू त्यांच्या डोक्यावरून गेला. तिसऱ्यांदा असं झालं तेव्हा हॅलोरनांनी माझ्याकडे पाहिलं. मी पुढे ओरडायचं थांबवलं.

टोलेडो ४१, एरी ६.

मॅच संपल्यावर ब्रँकाटो हॅलोरनांना ओलांडून सरळ माझ्याकडे आले. मिठी मारली. म्हणाले, "लिंडवॉल, ही मॅच तू जिंकून दिलीस."

सहा वर्षं हे वाक्य ऐकायची वाट बघत होतो.

सोमवार, २४ नोव्हेंबर
एरीने सकाळी मोकळं केलं. हॅलोरन भेटले नाहीत, कारकुनाने पास परत घेतला. मर्व्ह म्हणाला, आता कुठेच विचारू नकोस. तुझं बोलणं खरं धरायला कुणी तयार नाही.

महामार्गावर गाडी कडेला लावून मॅरीबेथला फोन केला. म्हटलं, फिंडलेच्या शाळेला कळव, मी येतो.

ती म्हणाली, "अरे, मी पंधरा तारखेलाच कळवलंय."