मध्यंतरात काय बोललास

नजमा, दोहा
३ ऑक्टोबर २०२५

ती. भैरवीआत्यास,
कैवल्यचा शि. सा. न. वि. वि. एवढं तू शिकवलेलं, पुढचं सगळं माझं.

फोनवर काही सांगायला गेलो की तू आधी विचारतेस लाइनवर अजून कोण आहे. ओझरच्या विमान कारखान्यात पंचवीस वर्षं रशियन कागदांची भाषांतरं केल्यावर फोनवरचा विश्वास उडणारच म्हणा. म्हणून हे पत्र. ऑफिसातल्या नंदूदादाचे शेजारी उद्या नाशिकला निघालेत, त्यांच्या बॅगेतून येईल.

तर, ऑफिसात एक विचित्र प्रकार झालाय. एचआरच्या हनियाने बारा जणांना मेल केला: तेवीस तारखेला, गुरुवारी संध्याकाळी रशियन ऑपेरा, सोबत तिकीट, यायचंच, कोट घालून. आमच्या डिपार्टमेंटला एक्केचाळीस माणसं आहेत. बाराच का? आणि हेच बारा का? त्यात नोव्हेंबर अखेरीला निम्म्या लोकांची काँट्रॅक्टं संपतायत, माझंही. कुणाचं रिन्यू होणार ते साहेब लोक सांगत नाहीत. आता मुशैरिबच्या ऑफिसच्या त्या आख्ख्या मजल्यावर एकच विषय: तिकीट मिळालं तो वाचला की मेला?

माझा रूममेट, मालेगावचा फुजैल, म्हणतो की बकऱ्यालाही आधी हारच घालतात. नंदूदादाला तिकीट नाही. चौदा वर्षं झाली त्याला इथे, मला कामही त्यानेच शिकवलं. दर शुक्रवारी मी ओल्ड एअरपोर्ट भागात त्याच्या घरी जेवतो. गेल्या शुक्रवारी तो हसत हसतच म्हणाला की अम्मारसाहेबांच्या केबिनमध्ये जाऊन आलास वाटतं. मी नव्हतो गेलो गं. पण नमितावहिनीने त्या दिवशी दुसऱ्यांदा भात विचारला नाही, हे मी पाहिलं.

हा ऑपेरा म्हणे फार क्वचित होतो. एक आजारी मालकीण, तिची हवेली, नोकरमाणसं, एवढंच सापडलं. तुला काही ठाऊक आहे का?

लोभ आहे हे माहीत आहे, तरी रीत म्हणून मागतो.
तुझा,
कैवल्य


ओझर
१० ऑक्टोबर २०२५

चि. कैवल्यास अनेक आशीर्वाद.

पाकीट पोचलं. चिकटपट्टी दोनदा लावलेली दिसली. तूच लावली असशील तर ठीक.

तिकिटाबद्दल माझं म्हणणं असं की तोंड बंद ठेव. ज्याला आपल्याकडून काही हवं असतं तो विचारत नाही, नुसता शेजारी येऊन उभा राहतो. कारखान्यात असताना मी असे पुष्कळ पाहिले. कुठे सही करू नकोस. आणि तुझा तो ब्लेझर अंकिताच्या लग्नातला, तेव्हा तू बारीक होतास. बटण लावून पाहून ठेव, ऐन वेळी उडेल.

ऑपेरा मला अर्धा ठाऊक आहे. आमच्या कॉलनीत एका रशियन इंजिनिअरची बायको होती, ल्युदमिला. भांडी घासताना ती त्यातलं गुणगुणायची. मालकीण खोलीत मरणाला टेकलीय आणि दार लावून घेतलंय. हवेलीत कोण राहणार आणि कुणाला बाहेर काढणार हे ती कागदावर लिहून जाणार, अशी बातमी आहे. कुणी तिला पाहिलेलं नाही. ल्युदमिलाने इथवर सांगितलं आणि तिच्या नवऱ्याची मुदत संपली. शेवट काय होतो ते कळायला मी बसलेय चाळीस वर्षं. तेवढं नीट बघ आणि लिही. इंटरनेटवरचं नको, डोळ्याने पाहिलेलं.

नंदूच्या बायकोने भात विचारला नाही तर आपण मागून घ्यावा. मान मागून मिळत नाही, भात मिळतो.

दिवाळीचा फराळ त्याच माणसांबरोबर परत पाठवलाय. चकल्या मोजून पन्नास आहेत. कमी भरल्या तर कळव.

लोभ ठेव, आणि डोळे उघडे.
भैरवीआत्या


नजमा, दोहा
२५ ऑक्टोबर २०२५

ती. आत्यास, सा. न.

चकल्या सेहेचाळीस भरल्या. चार मी वाटेवरच्या माणसांना माफ केल्या.

आता ऑपेरा. आमची रांग मधली निघाली. पुढची असती तर एक अर्थ, बाल्कनी असती तर दुसरा, मधल्या रांगेचा अर्थ कुणाला लावता येईना. पडदा उघडला आणि आम्ही बारा जण एकमेकांकडे बघायला लागलो. समोर हवेली नाही, ऑफिस. काचेची केबिन, पाण्याचं मशीन, गळ्यात कार्ड अडकवलेले लोक. दिग्दर्शकाने सगळं आजचं करून टाकलंय. केबिनमध्ये उंच पाठीची खुर्ची, पाठ आपल्याकडे. तीच मालकीण. वर पट्टीवर इंग्रजी आणि अरबी अक्षरं सरकत होती, पण मला ती लागली नाहीत. त्या बायका-पुरुषांचे आवाज असे होते की शब्दांशिवायच सगळं कळत होतं. आचारी, कारभारी, शिवणकाम करणारी, एकेक जण दाराशी घुटमळतो आणि मागे फिरतो. पहिले दोन अंक नुसतं घुटमळणंच.

मध्यंतरात बाहेर कॉफी होती. अम्मारसाहेब भेटले.

तिसऱ्या अंकात एकेक जण आत जातो आणि खुर्चीसमोर गातो. स्वतःबद्दल कुणीच गात नाही गं. आचारी कारभाऱ्याबद्दल, कारभारी शिवणकामवालीबद्दल, ती आचाऱ्याबद्दल. खुर्ची काही विचारत नाही. प्रत्येक जण आधी एकच वाक्य सांगायला जातो आणि मग थांबतच नाही. शेवटी सकाळ होते. झाडणारी म्हातारी बादली घेऊन आत येते आणि पुसायला म्हणून खुर्ची फिरवते. खुर्ची रिकामी. मालकीण पहिल्या अंकाच्या आधीच गेलेली असते. म्हातारी खुर्ची पुसते, दिवा बंद करते, पडदा. टाळ्यासुद्धा जरा उशिराच पडल्या.

हा तुझा शेवट. चाळीस वर्षांचं देणं फिटलं असं समज.

कैवल्य


ओझर
६ नोव्हेंबर २०२५

चि. कैवल्यास आशीर्वाद.

शेवट वाचला. दोन दिवस डोक्यातून गेला नाही. ल्युदमिला तिथेच थांबली हे बरं झालं असं वाटलं.

आता दुसरं. मी आयुष्यभर दुसऱ्यांचे कागद वाचले. माणूस कुठे वाक्य तोडतो ते मला दिसतं. तुझ्या पत्रात पाण्याच्या मशीनला जागा आहे, चार चकल्यांना आहे, आणि साहेब भेटले याला दोन शब्द. त्यानंतर सरळ तिसरा अंक. आणि खाली लोभसुद्धा मागितला नाहीस.

मध्यंतरात काय बोललास?

भैरवीआत्या


नजमा, दोहा
२८ नोव्हेंबर २०२५

ती. आत्यास,

उत्तराला तीन आठवडे लावले. लिहितो, मध्ये थांबवू नकोस.

अम्मारसाहेब कॉफीचा कप घेऊन माझ्याशेजारी येऊन उभे राहिले. एवढंच म्हणाले की नंदू नाही का आला. बस. ते इकडेतिकडे बघत होते, बहुतेक बाथरूम शोधत होते. मी नाही म्हणून गप्प बसायला हवं होतं. पण ते गप्प राहिले आणि मला ते गप्प राहणं सहन झालं नाही. मला वाटलं हाच तो प्रश्न, यासाठीच तिकीट. मी बोलत सुटलो. म्हटलं नंदूदादा तसाही मस्कतला जातोय, दोन इंटरव्ह्यू झालेत, त्याची जागा मोकळी होईल, त्याचं काम मला येतं. मस्कतचं त्याने मला जेवताना सांगितलं होतं, वहिनीलाही धड माहीत नव्हतं. साहेबांनी भुवई वर केली, खांद्यावर थोपटलं आणि गेले. मग मी आत जाऊन तिसरा अंक पाहिला. तो कसा पाहिला असेल ते तूच समज.

पुढच्या आठवड्यात त्याला कळवण्यात आलं की काँट्रॅक्ट वाढणार नाही. चौदा वर्षं, खलास. मस्कतचं जमलं नाही. मुलीचं, गार्गीचं, शाळेचं वर्ष अर्ध्यात सोडून ते तिघं नाशिकला परत चाललेत. माझं रिन्यू झालं, दोन वर्षांसाठी, त्याच्याच टेबलावर.

काल हनियाला विचारलं, ते बारा कसे निवडले होते. ती म्हणाली की हॉलची तिकिटं उरली होती म्हणून कुणीतरी पाठवली. गुरुवारी संध्याकाळी घरचे लोक मुलांना सोडून येत नाहीत, म्हणून तिने एकटे राहणारे उचलले. आम्ही बाराही जण सडे. महिनाभर सगळ्या मजल्याने डोकं फोडलं आणि हे एकालाही दिसलं नाही.

नंदूदादाला काही माहीत नाही. हे पत्र त्याच्याच हाती देतोय, विमान उद्या आहे. त्याने स्वतःहून विचारलं, आत्यासाठी काही द्यायचंय का.

लोभ मागायला तोंड नाही.
कैवल्य


ओझर
८ डिसेंबर २०२५

चि. कैवल्यास,

नंदू काल आला होता. पाकीट जसंच्या तसं होतं. तुझी एकच चिकटपट्टी, तीही सैल. टपालाने पाठवता आलं असतं. त्याच्या हाती दिलंस ते त्याने वाटेत उघडावं म्हणून, असा माझा संशय आहे. म्हणजे तुला सांगायला नको आणि मलाही नको. पण तो दुसऱ्याचं पत्र उघडणारा माणूस नाही. हे तुला चार वर्षं त्याच्या घरी जेवून कळायला हवं होतं.

मी त्याला चहा दिला आणि तिथेच खिडकीशी उभं राहून वाचलं. त्याने विचारलं की कैवल्य काय म्हणतो, त्याचं रिन्यू झालं ते पक्कं ना. मग आपणहून सांगत बसला. मस्कतचं साहेबांना कुठूनसं कळलं म्हणून आपलं गेलं, एवढं त्याला ठाऊक होतं. त्याला भीती होती की त्याच्यापायी तुझं अडेल, तुम्ही दर शुक्रवारी एकत्र जेवता हे सगळ्यांना माहीत होतं. म्हणून शेवटच्या दिवशी तो मुद्दाम अम्मारसाहेबांना भेटला आणि सांगून आला की मस्कतचं कैवल्यला काहीच ठाऊक नव्हतं, त्याला यात धरू नका. साहेब म्हणे नुसते बघत राहिले. त्यांना काय झालं ते नंदूला कळलं नव्हतं. मला कळलं.

कैवल्य, मी ते पत्र त्याच्या हातात दिलं.

हे मला तुला विचारून करायला हवं होतं, हे कबूल. पण तो तुझी बाजू घेत माझ्यासमोर बसला होता, आणि ते पत्र लपवून मला त्याच्यासमोर बसवेना. मी आत जाऊन उगाच गॅस पुसला. बाहेर आले तर पत्र घडी करून बशीखाली ठेवलेलं. तो उठला. दाराशी चपला घालताना एवढंच म्हणाला की नमिताला हे कळू देऊ नका. तिने तुझ्यासाठी डिंकाचे लाडू करून डबा भरून ठेवलाय, दोह्याला जाणारं कोणी मिळालं की पाठवणार आहे. तुला थंडीत खोकला होतो म्हणून.

तो डबा येईल. घ्यायचा की नाही, आणि घेतलास तर रिकामा डबा काय लिहून परत पाठवायचा, हे मी सांगणार नाही.

लोभ आहे. तो वाढवायचं काम या खेपेला तुझ्याकडे.
भैरवीआत्या