विकणे आहे : ग्राउनी जीप, चालू स्थितीत

मी, स्टेनवोर हाल्सदोत्तिर, वय वर्षे सत्तावन्न, धंदा मेंढ्या आणि तालुक्याच्या साप्ताहिकातलं एक तिरकं सदर, राहणार क्वाम्मुर, ग्रुगा नदीच्या अलीकडे, आज आपल्या हाताने हे लिहून ठेवते. डोकं ठिकाणावर आहे. उजवं मनगट तितकंसं नाही, तेव्हा अक्षराला कोणी हसू नये. मला कोणी धमकावलेलं नाही, कोणी पाजलेलीही नाही. माझ्या नावाने दुसरं मृत्युपत्र कुठे निघालंच, तर त्यात मी कोणाचं तरी कौतुक केलेलं असेल. त्यावरूनच ते खोटं समजावं.

हे लिहिण्याचं कारण असं, की गेल्या उन्हाळ्यात गोठ्याच्या छपरावरून मी शिडीची वाट न बघता खाली आले. त्यावर माझी मुलगी एइदिस रेक्याविकहून फोनवर म्हणाली, "आई, आता दोन कामं कर. मृत्युपत्र लिही आणि ती जीप विकून टाक." पहिलं काम सोपं होतं. दुसरं गेली चार वर्षं चालू आहे. म्हणून दोन्ही एकाच कागदावर उरकते.

कलम पहिलं. घर, जमीन, मेंढ्या आणि बँकेतली शिल्लक एइदिसला. आमच्या कायद्याप्रमाणे दोन-तृतीयांश मिळकत मुलीला द्यावीच लागते, आईची मर्जी असो वा नसो. माझी मर्जी आहे. पण उरलेल्या एक-तृतीयांशात मला थोडी मौज करू द्यावी. घरामागच्या माळावर तिने पाहुण्यांसाठी काचेच्या छताच्या खोल्या बांधू नयेत. आकाशातले ध्रुवीय दिवे बघायचे असतील तर माणसाने उठून, बूट घालून, थंडीत कुडकुडत बघावेत. बांधायच्याच झाल्या, तर खाटा टणक ठेवाव्यात.

कलम दुसरं. चर्चच्या गायकवृंदाबद्दल. नाताळच्या कार्यक्रमात मला मधल्या रांगेत उभं करून "तू नुसते ओठ हलव" असं सांगण्यात आलं होतं. ते मी विसरलेले नाही. माझ्या अंत्यविधीला वृंदाने जरूर गावं. मधल्या रांगेने मात्र नुसते ओठ हलवावेत.

कलम तिसरं. माझे दिवंगत पती केतिल यांची हत्यारं. पाने, जॅक, फावडी, चाकांत हवा भरायचा पंप, सगळं एइदिसच्या नवऱ्याला. त्याला त्यातलं काय कशाला वापरतात ते माहीत नाही, तेव्हा हत्यारं चांगली टिकतील. अपवाद दोन. नदीत उतरताना केतिल हातात धरायचा ती काठी माझ्याबरोबर पुरावी. आणि गाडी ओढायचा जाड दोर नदीपलीकडचे शेजारी ब्रान्दुर ओर्मसोन यांना द्यावा, कारण त्या दोराच्या दुसऱ्या टोकाला त्यांच्याइतकं कोणी राहिलेलं नाही.

हे थोडं उलगडून सांगते, कारण पुढचं सगळं त्यावर आहे.

दर सप्टेंबरात आम्ही डोंगरावरची मेंढरं खाली आणतो, आणि त्यासाठी ग्रुगा ओलांडावी लागते. ही नदी हिमनदीच्या पोटातून येते. पाणी दुधाळ, तळ दिसत नाही, आणि उतार, म्हणजे गाडी पार नेण्याजोगी उथळ जागा, काल जिथे होता तिथे आज असेलच असं नाही. म्हणून गाडी काठावर थांबवायची, खाली उतरायचं, काठी घेऊन पाण्यात चालत जायचं, परत यायचं आणि मग ठरवायचं. केतिल जन्मभर असंच करत आला. ब्रान्दुरने कधी केलं नाही. "मी या नदीत वाढलोय," असं म्हणून तो आपली गाडी थेट पाण्यात घालायचा. नदीही रात्रीतून वाढलेली असायची, हे त्याच्या ध्यानात यायचं ते पाणी मांडीला लागल्यावर. मग केतिल आमची जीप काढायचा, दोर बांधायचा आणि त्याला काठावर आणायचा. ब्रान्दुर आभार मानायचा नाही. म्हणायचा, "तुझ्या जीपचा क्लच घसरतोय."

कलम चौथं. ती जीप. जपानी, राखाडी, मोठ्या चाकांची. नाव ग्राउनी, केतिलच्या वडिलांच्या घोड्यावरून ठेवलेलं. केतिल चार वर्षांपूर्वी स्वयंपाकघरात, हातात कॉफीचा कप असताना गेला. कप फुटला नाही, इतका तो व्यवस्थित माणूस. मी जाहिरात दिली : विकणे आहे, मालकाकडून थेट, मधे दलाल नको. ग्राहकाने नदीवर येऊन गाडी चालवून बघावी, ही एकच अट.

अट गाडीसाठी नव्हती. गाडी मला माहीत होती.

पहिल्यांदा एक तरुण जोडपं आलं. त्यातल्या मुलाने विचारलं, "हिला फोन जोडता येतो का?"

"येतो," मी म्हटलं. "पण ती उचलत नाही."

ते कॉफी पिऊन गेले. नदी त्यांनी पाहिलीच नाही.

मग पर्यटकांना फिरवणारे एक गृहस्थ आले. नदीकाठी गाडीतून न उतरता त्यांनी खिशातून फोन काढून नकाशा उघडला. "फोनमध्ये तर उतार इथेच दाखवतोय."

"फोन पलीकडे जाऊन आलाय का?"

त्यांनी गाडी पाण्यात घातली. ब्रान्दुरने ट्रॅक्टर आणून ओढून काढली, आणि त्या दिवशी दोराच्या कोरड्या टोकाला उभं राहायला मिळालं म्हणून तो फार खुशीत होता. गृहस्थ मला म्हणाले, "दार नीट बंद होत नाही तुमचं. आत पाणी शिरलं."

"दार तुम्ही उघडलंत," मी म्हटलं. "ते बंद होतं."

असे बरेच आले. एइदिस फोनवर म्हणाली, "आई, तू गाडी विकत नाहीयेस. तू स्थळं बघतेयस. आणि येईल त्या स्थळात खोट काढतेयस."

मी म्हटलं, "खोट मी काढत नाही. नदी काढते."

मग एका गुरुवारी ब्रान्दुर आला. पुलावरून, लांबचा फेरा घेऊन. नेहमीसारखा दार न वाजवता आत आला, बूट काढून कोपऱ्यात ठेवले आणि म्हणाला, "विकतेस म्हणे."

"घेतोस?"

"बघू."

आम्ही नदीवर गेलो. चालवत तो होता. आता हा थेट घालणार, अशी मनाची तयारी करून मी पाय वर घेऊन बसले. त्याने काठावर गाडी थांबवली. बूट काढले, पँट काढली, मागून केतिलची काठी घेतली आणि लोकरीच्या लांब चड्डीत, साठीला टेकलेला तो माणूस कमरेपर्यंत पाण्यात शिरला. निम्म्यावर जाऊन परत आला. ओठ निळे पडले होते. दार उघडून म्हणाला, "वाट बदललीये. आज नको."

हे केतिलचं वाक्य. अगदी असंच, याच दारातून. मी समोरच्या काचेवरचं पाणी पुसायला लागले. काच कोरडी होती.

अट पुरी झाली होती. त्याच दिवशी सौदा व्हायला हवा होता. पण घरी आल्यावर ब्रान्दुर जीपखाली शिरला आणि तिथूनच म्हणाला, "सायलेन्सर गेलाय."

"मग किंमत पाडून माग."

"आधी नीट करू. मग बघू."

तेव्हापासून तो दर गुरुवारी जीप बघायला येतो. जगाची रीत अशी, की घेणारा दोष काढतो आणि भाव पाडतो. हा दोष काढतो, दुरुस्त करतो, दोन कप कॉफी पितो, बशीभर क्लेनुर, म्हणजे आमच्याकडचे तळलेले गोड पीळ, खातो आणि भाव विचारायचं विसरतो. ब्रेक झाले, बेअरिंगं झाली, पुढचे दिवे झाले. गेल्या हिवाळ्यात त्याला दोष सापडेना. तेव्हा त्याने आतला दिवा काढून घरी नेला आणि पुढच्या गुरुवारी परत आणून बसवला.

जलतरण तलावाच्या गरम कुंडात बसून सारा गाव मला विचारतो, "जीप विकली का गं?" आणि सगळे वाफेकडे बघतात.

आता मुद्द्याचं. हा माणूस जीपसाठी येतो की माझ्यासाठी, हे मला माहीत नाही, आणि मरण्यापूर्वी माहीत व्हावं अशी माझी इच्छा आहे. सरळ विचारावं, तर आमच्याकडे तशी पद्धत नाही. आमच्याकडे वाऱ्याची दिशा विचारतात. शिवाय उत्तर "जीपसाठी" असं आलं, तर जीप देऊन टाकावी लागेल आणि गुरुवार मोकळे पडतील. पुस्तकं वाचून ते भरतील, असं म्हणण्याइतकी मी अजून शहाणी झालेली नाही.

म्हणून असं लिहिते : माझ्यामागे ग्राउनी जीप, किल्ल्यांसह, विनामूल्य, ब्रान्दुर ओर्मसोन यांना मिळावी.

आणि या कागदावर साक्षीदार म्हणून मी दोघांना बोलावलं आहे. तलाव सांभाळणारी सोलरून, आणि ब्रान्दुर.

पुरवणी. सह्या व्हायच्या आधी हे पान जोडते. दोघं समोर बसले आहेत. काय घडलं ते जसंच्या तसं लिहिते.

सोलरूनने निम्म्या गावाच्या मृत्युपत्रांवर सही केलेली आहे, त्यामुळे कायदा तिला बाळगुटीसारखा पाजलेला आहे. कोट काढता काढता तिने विचारलं, "आमच्यापैकी कोणाला काही ठेवलं नाहीस ना? साक्षीदाराला मृत्युपत्रातून काही मिळत नाही. सही केली की त्याचा वाटा बाद."

"ब्रान्दुरला ठेवलंय," मी म्हटलं.

"काय?" ब्रान्दुर.

"दोर. आणि जीप."

"विकत?"

"फुकट."

त्याने कप खाली ठेवला. सोलरून म्हणाली, "मग तू सही करू नकोस, बाबा. तलावावर हाफलिदी बसलाय, त्याला बोलावते. पाच मिनिटांचं काम. जीप तुझी."

ब्रान्दुर खिडकीतून जीपकडे बघत बसला. वाऱ्याची दिशा आम्हा तिघांनाही माहीत होती, त्यामुळे बोलायला विषय नव्हता. मी क्लेनुरची बशी उगीचच पुढे सरकवली, मग मागे घेतली.

"पेन कुठाय?" तो म्हणाला.

"अरे, जीप जाईल तुझी," सोलरून म्हणाली.

"जाऊ दे. खालून गंजलीये."

"इतकी वर्षं बघतोयस ना तिला?"

"म्हणून तर माहितीये," ब्रान्दुर म्हणाला, आणि त्याचे कान लाल झाले. ते मी बघितले नाहीत, असं मी दाखवलं. सोलरूनने तेवढंही केलं नाही.

आता तो पेन हातात धरून माझं लिहून व्हायची वाट बघतोय. तेव्हा थोडक्यात आवरते. चौथ्या कलमातलं देणं आणि तिसऱ्यातला दोर, दोन्ही कायद्याने बाद. जीप माझ्यामागे एइदिसकडे जावी. तिने विकायची ठरवली, तर नदीची अट कायम.

माझ्या हयातीत जाहिरात अशी राहील : विकणे आहे. बघण्याची वेळ गुरुवारी, कॉफीच्या सुमारास. इतरांनी तसदी घेऊ नये.

क्वाम्मुर, गुरुवार, १२ ऑक्टोबर २०२३.

लिहून देणार : स्टेनवोर हाल्सदोत्तिर

साक्षीदार पहिली : वरील बाईने आमच्या देखत सही केली. ती शुद्धीवर असून नेहमीइतकीच खोचक आहे. — सोलरून

साक्षीदार दुसरा : मी दर गुरुवारी येऊन बघतो. शुद्धीवर आहे. पुढच्या गुरुवारी पुन्हा बघेन. — ब्रान्दुर ओर्मसोन